भिंतीवरची खुर्ची

माणूस एरवी कितीही सरळ असला तरी हातात गळ आला की खोटं बोलायला शिकतो, आणि आमचे मिस्त्री तर त्यात बावीस वर्षं मुरलेले होते. बाकी त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. पस्तीस वर्षं त्यांनी गावातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. "ही चालेल" असं ते म्हणाले की लोक तान्ह्या बाळाला घेऊन सातव्या मजल्यावर जात. पण "मासा कुठे मिळाला हो?" एवढं विचारलं की हाच माणूस डोळ्यांत डोळे घालून सांगे, "भिंतीपाशी."

भिंत म्हणजे तलावाचा जुना दगडी बांध. गाड्या तिथे लागतात, बाकं तिथे आहेत, आणि गावातले सगळे गळवाले तिथेच ओळीने उभे असतात. मिस्त्रीही गाडी तिथेच लावत. भिंतीवर घडीची हिरवी खुर्ची मांडत आणि तिच्या पाठीवर टॉवेल टाकत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बुवा पाय मोकळे करायला गेलेत, येतीलच. मग गळाची काठी पिशवीत घालून झाडीमागून अर्धा तास चालत ते पलीकडच्या काठाला जात. तिथे कधीकाळी एक मोठं झाड पाण्यात आडवं पडलं होतं. त्याच्या बुडालेल्या फांद्यांत बास राहत.

बास ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोड्या पाण्यातला मासा, हिरवट अंगाचा, पाठीवर काटेरी पंखा. तोंड मात्र असं की देवाने आधी तोंड केलं आणि उरलेल्या मालात मासा बसवला असं वाटावं. मिस्त्री तो खात नसत. धरायचा, हात ओला करून जबड्याला पकडायचा, क्षणभर बघायचा आणि सोडून द्यायचा. "मग जाता तरी कशाला?" असं बायकोने सुरुवातीची काही वर्षं विचारलं. पुढे तिने नाद सोडला.

बायको शाळेत खेळ शिकवायची. पोरांनी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं, कारण तिने एकदा शिट्टी फुंकली की मैदानावरची चारशे पोरं होती तिथे थबकत. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी दगा दिला, आवाजाने नाही. तिचा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवी. साऱ्या गावाची नजर सुधारण्यात त्याचा जन्म गेला, स्वतःची नजर मात्र कायम भाऊजींच्या पिशवीवर. त्यालाही गळाचं वेड होतं. भाऊजींची खरी जागा हुडकायला तो दोनदा त्यांच्या मागे गेला होता. दोन्ही वेळा मिस्त्रींनी त्याला तलावाला अख्खी प्रदक्षिणा घडवून परत गाडीपाशी आणून सोडलं आणि वर विचारलं, "अरे, तूही फिरायला निघालास का?"

तर असं सगळं छान चाललं होतं, आणि गेल्या वर्षी थंडीच्या तोंडाशी मिस्त्री पडले.

त्या आडव्या झाडाजवळ काठाला एक चपटा दगड आहे, डावीकडचा. दुपारी चारच्या सुमाराला तो पायाखाली हलला, घोट्यात कट्‌कन आवाज झाला आणि मिस्त्री बुडावर आले. फोन पाण्यात गेला. ठरलेल्या वेळी घरी आले नाहीत म्हणून शिट्टीबाई भावाला घेऊन पाच वाजता भिंतीवर पोचली. पुढचे अडीच तास ती भिंतीवर आणि मिस्त्री पलीकडच्या काठावर, मध्ये तलाव. ढोपरांवर सरपटत मिस्त्री झाडीतून पायवाटेपर्यंत आले, तिथे कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थाला सापडले, आणि तशाही अवस्थेत त्याला म्हणाले, "इथेच पडलो, वाटेवर." म्हणजे घोटा गेला पण जागा गेली नाही.

मिस्त्रींची मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढते. बापाच्या घोट्याचा फोटो तिनेच काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाली, "बाबा, हे हाड जुळेल. पण मला एक सांगा, तुमची गाडी भिंतीवर, खुर्ची भिंतीवर, आणि तुम्ही पलीकडे काय करत होता?"

"काठ बदलून बघत होतो," मिस्त्री म्हणाले.

मुलीने काठ्या, दोऱ्याचं रीळ, आमिषाच्या रबरी अळ्यांचा डबा, सगळं माळ्यावर टाकलं आणि शिडी आपल्या घरी नेली.

तो हिवाळा मिस्त्रींनी घरात काढला. तसे ते रडत बसणाऱ्यातले नव्हते. सकाळी खिडकीशी चहा, मग घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल, मग शेजारणीच्या दारालाही तेल. शेजारीण म्हणाली, "काका, आता दार इतकं गुपचूप उघडतं की आमचे हे कधी येतात कळतच नाही." दुपारी शब्दकोडं. बाई उभे शब्द सोडवायची, ते आडवे, आणि जिथे पटायचं नाही तिथे भांडण. संध्याकाळी फिजिओथेरपीचा रबरी पट्टा पायाला लावून ओढायचा. तो ताणला की मिस्त्रींचा हात आपोआप हवेत वर जाई, मासा लागल्यासारखा. बाई ते तिरक्या नजरेने बघायची.

वसंत लागला तशी मुलीने अट घातली. "जा. पण नेमकं कुठे बसता ते कागदावर लिहून द्या. तो काठ दोन मैल आहे, बाबा. पुन्हा काही झालं तर आम्ही कुठे शोधायचं? पाकिटात बंद करून द्या हवं तर. वेळ आली तरच उघडू. पण खोटं लिहिलंत तर काठ्या कायमच्या गेल्या म्हणून समजा."

आईने मान डोलावली. "मी नाही वाचणार. उगाच माझ्या भावाला कळेल म्हणून भिऊ नका."

मिस्त्री कागद घेऊन बसले. मनात खरंच होतं की खरं लिहायचं. पण बावीस वर्षांची सवय. पेन टेकलं आणि हाताने लिहिलं, "पंपघराच्या मागे, काटेरी झुडपांतून खाली." पंपघर खऱ्या जागेपासून मैलभर लांब. पाकीट चिकटवताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण माळ्यावरून काठ्या खाली उतरल्या आणि पाल गप्प झाली.

पहिल्या दिवशी त्या झाडापाशी उभं राहून मिस्त्रींना इतकं बरं वाटलं की ते थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. पाण्यावर कोवळं ऊन होतं. रबरी अळी फांद्यांच्या कडेला टाकली, बुडू दिली, हळूच एकदा उचलली, पुन्हा बुडू दिली. यात घाई करून चालत नाही. पस्तीस वर्षं लोखंडी दोरांवर तळवा ठेवून त्यांनी लिफ्टचं दुखणं ओळखलं होतं. तोच तळवा आता दोऱ्यावर होता. आधी एक टक्‌, मग काहीच नाही, मग दोरा आपल्या मनानेच कडेला सरकू लागला. मिस्त्रींनी काठी उचलली. बास पाण्याबाहेर उडाला, डोकं झटकलं, धप्पकन पडला. हातभराचाही नव्हता. मिस्त्री मात्र गालातल्या गालात हसत होते. सोडताना त्याला म्हणाले, "जा, आईला सांग मिस्त्री आलेत."

चार-पाच फेऱ्या अशा छान झाल्या. मग एका रविवारी चष्मेवाला जेवायला आला. त्याचे दोन्ही हात ओरखड्यांनी भरले होते, नाक उन्हाने सोललं होतं आणि मानेवर डासांनी मेजवानी झोडली होती.

"हे काय रे?" बहिणीने विचारलं.

"बागेतली झुडपं छाटली, ताई."

त्याला बाग नव्हती. दुकानावर दोन खोल्या आणि खिडकीत एक कुंडी, एवढाच त्याचा जमीनजुमला. मिस्त्रींनी सुपाचा चमचा खाली ठेवला. "काटेरी होती का रे झुडपं?"

"फारच," चष्मेवाला म्हणाला आणि ताटाकडे बघत राहिला. "आणि इतकं करून हाती काही लागलं नाही."

मिस्त्रींना एवढा ठसका लागला की बाईने उठून पाठीत दोन गुद्दे घातले. पंपघरामागे तीन सकाळी जाऊन, काट्यांत लोळून मेव्हणा कोरडा परत आला होता. बोंब मारावी तर पाकीट फोडलं हे कबूल करावं लागणार. म्हणजे चोराच्या मनात चांदणं, आणि तेही दोन्ही चोरांच्या. पण पाकीट याच्याकडे गेलं कसं?

ते जेवणानंतर कळलं. मेव्हणा गेला. मिस्त्री भांडी पुसत होते आणि बाई धूत होती. "पाकीट मी त्याच्याकडे दिलंय," ती सहज म्हणाली. "माझे गुडघे असे. वेळ आली तर तो धावेल. काही म्हणा, पण त्या पाकिटाने मला फार बरं वाटतंय. बावीस वर्षांत तुम्ही तलावावर असताना मला दुपारी डोळा लागला नव्हता. आता पडते आणि झोपते."

मिस्त्रींच्या हातातली बशी पुसून झाली होती, तरी ते पुसतच राहिले. दाराजवळच्या खुंटीवर बाईचा पिवळा कोट लटकत होता. मगाचं सगळं हसू कुठल्या कुठे गेलं. आपण पुन्हा पडलो तर हा पिवळा कोट पंपघराकडे जाणार, काट्यांतून खाली उतरणार, आणि तिथे कुणी नसणार. आणि ही बाई त्या कागदाच्या भरवशावर झोपतेय. त्यांना स्वतःची लाज वाटली. गप्प बसलं तर काठ्या राहतील, बोललं तर जातील, आणि नुसत्या काठ्याच जाणार नाहीत हेही त्यांना कळत होतं.

"अगं," ते म्हणाले, "त्या कागदावर खोटं आहे."

नळ चालू होता. तिने तो बंद केला.

"पंपघर लिहिलंय. मी तिथे कधी गेलोच नाही."

बाईने हात पुसले, आत गेली, दार लावलं. दाराला तेल होतं, त्यामुळे आवाजही झाला नाही.

पुढचे दोन दिवस घरात चहा वेळेवर मिळाला, शब्द मिळाला नाही. शब्दकोडं अर्धं पडून राहिलं, आडवे भरलेले, उभे रिकामे. मिस्त्रींनी स्वतःच काठ्या पुसल्या, पिशवीत घातल्या आणि मुलीकडे न्यायला दाराशी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "काठ्या देऊन टाकतो. पण त्याआधी एकदा माझ्याबरोबर चल. तुला जागा दाखवायचीय."

"मला काय करायचंय जागेशी?"

"तुला नाही. मला करायचंय."

ती आली. झाडीमागच्या वाटेने अर्ध्या तासाच्या चालीला त्यांना दीड तास लागला. तिचा एक हात टेकायच्या काठीवर, दुसरा त्यांच्या खांद्यावर, आणि दर शंभर पावलांना बसायचं. शेवटच्या उतारावर त्यांनी आधी डावीकडचा दगड दाखवला. "हा हलतो. यावर पाय नको." मग तिला आडव्या झाडाच्या बुंध्यावर बसवलं.

बाईने पाणी पाहिलं, फांद्या पाहिल्या. मग तिची नजर वर गेली. समोर, पाण्यापलीकडे, भिंत होती. लांब होती, पण स्वच्छ दिसत होती. लाल टोपी घातलेला एक गळवाला तिथे वाकून काहीतरी उचलत होता, तेही दिसत होतं.

"त्या दिवशी," ती हळू म्हणाली, "मी दिसत होते तुम्हाला?"

"दिसत होतीस. पिवळा कोट."

"मी हाका मारत होते."

"ऐकू येत होत्या."

"मग ओ का नाही दिलीत?"

हेच ते सांगायचं होतं, जे मिस्त्रींनी सहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. "नंतर दिली. पण तोवर वारा फिरला होता, आवाज पोचेना. पहिला अर्धा तास वारा पडलेला होता, तेव्हा पोचला असता. तेव्हा नाही दिली." ते पुढे म्हणाले, "भिंतीवर दहा-बारा जण होते. मी ओरडलो असतो तर सगळ्यांना जागा कळली असती. म्हटलं, जरा वेळाने वाटेवर सरकू, मग ओरडू."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले, आणि ती रडणाऱ्यातली नव्हती.

"गाडी उभी होती," ती म्हणाली. "खुर्ची होती. खुर्चीवर टॉवेल होता. माणूस नव्हता. मला काय वाटलं असेल? मी त्या काठाला हाका मारत नव्हते हो. मी खाली पाण्यात बघून हाका मारत होते."

हे मिस्त्रींच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खुर्ची त्यांनी गळवाल्यांना फसवायला मांडली होती. ती बायकोला काय सांगेल याचा त्यांनी बावीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. ते तिच्या शेजारी बुंध्यावर बसले. "चुकलो," एवढंच म्हणाले. या खेपेला ते खरं होतं.

झाडाच्या टोकापाशी काहीतरी डुबुककन वाजलं आणि पाण्यावर वर्तुळं उठली. मिस्त्रींनी मान वळवली नाही. बाईने वळवली.

"मोठा होता?" तिने विचारलं.

"बऱ्यापैकी."

"काठ्या मुलीकडे देऊ नका," ती म्हणाली. "तिला मी सांगते. पण यापुढे मी सांगेन तसं व्हायचं."

तिने सांगितलं ते असं. मिस्त्री तलावावर गेले की बाईही येणार. ती त्या हिरव्या खुर्चीवर बसणार, शब्दकोडं घेऊन, म्हणजे ती खुर्ची निदान खोटं तरी बोलणार नाही. पलीकडून मिस्त्रींनी दर तासाला पांढरा रुमाल हलवायचा. आणि काही झालंच तर शिट्टी. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून शाळेची पितळी शिट्टी काढली, नवी दोरी ओवली आणि त्यांच्या गळ्यात घातली. "फुंकून बघा."

"इथे नको. शेजारची पोरं थबकतील."

"फुंकायची, हं. लाजायचं नाही. वाजली की जागा फुटणार, मला माहीत आहे."

"फुंकेन," मिस्त्री म्हणाले. तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की विश्वास आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर तसंही नाही.

त्यानंतरचे दोन महिने असेच गेले. भिंतीवर बाई, तिच्या बाजूला भाऊ. तो आता मुकाट्याने भिंतीवरूनच गळ टाकी. पंपघराचं नाव कुणी काढत नव्हतं. पाकीट बहिणीने परत मागितल्यावर त्याने ते इतकं सफाईने पुन्हा चिकटवून दिलं की तिने नुसतंच म्हटलं, "छान डिंक आहे रे तुझ्याकडे." दर तासाला पलीकडे झाडीत पांढरं काहीतरी हलायचं आणि बाई कोड्यात मान घालायची. ते पांढरं कुणाच्या लक्षात येत नसे, मेव्हण्याच्याही नाही. चष्मेवालाच तो.

मग एका सकाळी, साधारण दहा वाजता, दोरा सरकू लागला.

मिस्त्रींनी काठी उचलली आणि काठी उठेना. वाटलं, फांदीत अडकली. मग फांदी चालू लागली. रीळ किंचाळलं. मासा झाडाखाली घुसू पाहत होता आणि मिस्त्री त्याला घुसू देत नव्हते. ताण वाढला की सोडायचा, सैल पडला की घ्यायचा, जुन्या लिफ्टला मजल्यावर आणतात तसं, इंच इंच. एकदा तो वर उडाला तेव्हा मिस्त्रींना नुसतं तोंडच दिसलं. पाय त्यांनी उजवीकडे रोवला होता, चपट्या दगडापासून लांब. दहा मिनिटांनी, की वीस, तो कुशीवर वळला आणि त्यांनी हात ओला करून त्याचा जबडा धरला. दोन हात लागले. बावीस वर्षांत एवढा बास त्यांनी पाहिला नव्हता.

मासा हातात, पाणी ढोपरापर्यंत, आजूबाजूला चिटपाखरू नाही. नेहमी असंच असायचं आणि तेच त्यांना आवडायचं. पण आज त्यांनी वर पाहिलं. भिंतीवर पिवळा ठिपका होता, मान खाली घालून उभे शब्द सोडवणारा. आज वारा पडलेला होता.

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. एका हाताने मासा छातीशी धरला, दुसऱ्या हाताने शिट्टी ओठांत घेतली आणि जीव खाऊन फुंकली.

पिवळा ठिपका ताडकन उठला. भिंतीवरची सगळी ओळ वळली, लाल टोपीसकट. मिस्त्रींनी मासा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि उभे राहिले, जितकं ताठ राहता येईल तितकं, म्हणजे तिला दिसावं की माणूस पायावर उभा आहे. तिला दिसलं. तिने दोन्ही हात वर केले. मग पाण्यावरून तिचा आवाज आला, चारशे पोरांना पुरायचा तोच.

"मोठा आहे!"

मिस्त्रींनी मासा पाण्यात धरला, त्याचे कल्ले हलेपर्यंत थांबले आणि सोडला. शेपटीचं पाणी तोंडावर उडालं, ते त्यांनी पुसलं नाही. पलीकडे एक माणूस गळ गुंडाळून, चष्मा सावरत काठाने पळत सुटला होता. वीस-पंचवीस मिनिटांनी तो झाडीतून धापा टाकत बाहेर आला, आडवं झाड पाहिलं, पाणी पाहिलं, आणि चष्मा पुसून बावीस वर्षांची ती जागा पुन्हा एकदा पाहिली.

"भाऊजी," तो म्हणाला, "इथे?"

"इथे," मिस्त्री म्हणाले. "जपून उतर. डावीकडचा तो दगड हलतो."